सशांच्या हातातले काटे

फार पूर्वी, माणसांची वस्ती अजून डोंगरापर्यंत पोचली नव्हती तेव्हा, एका टेकडीखालच्या बिळात ससे दाटीवाटीनं राहत. एकदा कोल्ह्यानं त्यांच्यातला एक उचलला. तेव्हा साळिंदरानं आपले गळालेले काटे सगळ्यांना वाटले. "आता कुणाच्या बापाला भिऊ नका," तो म्हणाला.

कोल्हा पुन्हा फिरकला नाही. पण बिळातल्या वाटा अरुंद आणि ससे मुळातच घाबरट. कुणी शिंकलं तरी काटे उगारले जात. एके दुपारी पिंगी सशिणीचं पिल्लू वळणावरून धावत आलं आणि शेजारच्या ढवळूकाकांनी कोल्हा समजून काटा खुपसला. पिल्लू वाचलं, पण त्याचा एक डोळा गेला.

पिंगीनं सभा बोलावली. "काटे बिळाबाहेर ठेवा, एवढंच मागते."

"म्हणजे आमच्या हक्कावर गदा?" ढवळूकाका रडत रडत म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं, पण काटा काही हातातून सुटत नव्हता.

साळिंदर म्हणाला, "पिल्लाजवळ काटा असता, तर ही वेळच आली नसती."

"अहो, ते वीस दिवसांचं आहे!"

"मग लहान काटा देऊ."

सभेला हे एकदम पटलं. टाळ्या झाल्या आणि त्या गडबडीत तिघांना काटे लागले.

पिंगीनं पिल्लाला मानेशी अलगद तोंडात धरलं आणि ती बिळाबाहेर निघाली.

"अगं, रिकाम्या हातानं कुठं चाललीस? बाहेर धोका आहे!" सगळे कळवळून ओरडले.

तोंडात पिल्लू होतं, म्हणून तिला काही बोलता आलं नाही.