दार फाळणीच्या दिवशीची पेज

खूप खूप वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका गावात तेल गाळणारी बेने इस्राएल, म्हणजे ज्यू धर्माची माणसं राहत होती. शनिवार हा त्यांचा देवाचा दिवस. त्या दिवशी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून सगळे त्यांना शनवार तेली म्हणत. वर्षातला त्यांचा सगळ्यात मोठा सण म्हणजे दार फाळणी. पांढरे कपडे घालायचे, आदल्या संध्याकाळीच दारं घट्ट लावून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत अन्नपाण्याला न शिवता देवाकडे वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. एरवी भांडणाऱ्या जावासुद्धा त्या दिवशी गप्प असत.

मिल्का अशाच एका घरची सून. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते आणि आता सातवा महिना चालू होता. आनंद एवढा मोठा की तिला त्याची भीतीच वाटू लागली. देवाने दिलेलं देव परत तर नेणार नाही ना? म्हणून ती एकही प्रार्थना चुकवत नसे. पाठ दुखली तरी उभ्याने म्हणायची.

सण जवळ आला तशी सासू म्हणाली, “बाय, हा उपास तुला नाय. पोटुशीनं खायचं, असं आपला धरमच सांगतो.”

“नाही आई. ज्यानं एवढं दिलं, त्याच्यासाठी मला एक दिवस उपाशी राहता येत नाही?”

सासूने तरी तिच्यासाठी भांडंभर पेज करून ठेवली. मिल्का कसली हट्टी! मोह नको म्हणून तिने दारं लागायच्या आधीच ती पेज गाईला घालून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, हा सण नसलेल्या परधर्मी शेजारणीच्या चुलीवरच्या तांदळाच्या भाकरीचा वास दाराच्या फटीतून आत आला. मिल्काला गरगरायला लागलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, सकाळपासून पोटातलं बाळ हललेलं नाही. तिने पोटावर हात ठेवला. काही नाही. ती मनातल्या मनात म्हणत राहिली, “देवा, मी उपास मोडत नाही, तू माझं बाळ सांभाळ.”

सासूने तिचा पांढराफटक चेहरा पाहिला. “बाळ हलतंय ना गो?”

“हलतंय,” मिल्का म्हणाली. माफी मागायच्या दिवशीच ती खोटं बोलली आणि तिला रडू फुटलं.

सासूने जुन्या बायकांच्या रीतीप्रमाणे तिच्या कानात हळूच सांगितलं, “आज दार फाळणी आहे, बाय.” एवढं ऐकून कधी कधी पोटुशीची भूक निवते म्हणत. मिल्काची निवली नाही. तिची मान कलंडली, तशी सासू उठली आणि तिने दाराचा अडसर काढला.

“आई, दार नको!”

अडसराचा आवाज गल्लीभर गेला. दारं सगळ्यांची बंद होती, कान काही कुणी बंद केले नव्हते. समोरच म्हातारा काजी राहायचा, त्यांच्याच लोकांतला, धर्माचा निवाडा करणारा. त्याचंही दार उघडलं. मिल्काने पदराने तोंड झाकून घेतलं.

काजीने सासूला एकच विचारलं, “घरात खायला काय आहे?”

“काही नाही.”

काजी तसाच वळला. सुकलेल्या ओठांनी त्याने शेजारणीच्या अंगणात हाक मारली आणि गरम पेजेची वाटी स्वतःच्या हाताने घेऊन आला.

“काजीबाबा, मला पापात घालू नका,” मिल्का म्हणाली. “सगळे उपाशी आणि मी एकटी खाऊ? देव रागावून माझं बाळ नेईल.”

काजी उंबऱ्याशी टेकला. “पोरी, देव काय तुझ्या बाळावर टपून बसलाय? आम्ही आज हात बांधून बसलोय. पण देव नाय बसला. तो तुझ्या पोटात बोटं घडवतोय, नखं घडवतोय. त्याच्या कामाला लागणारा घास तूच अडवून धरलास तर कसं व्हायचं?”

भीती गेली नाही. तरी मिल्काने वाटी घेतली, देवाचं नाव घेतलं आणि एक घोट घेतला. थोडं थांबून दुसरा. सासू तिची पाठ धरून बसली होती. काजीने तोंड दुसरीकडे फिरवलं, भूक त्यालाही होतीच.

वाटी अर्धी झाली आणि बरगडीखाली अशी लाथ बसली की पेज पांढऱ्या लुगड्यावर सांडली.

“आई, लाथ मारली!” मिल्का हसत होती आणि रडतही होती. किती वर्षं ती देवाला हाका मारत आली होती. तो इतका जवळ येऊन काम करतोय, हे तिला आज कळलं. उरलेली पेज तिने निवांत संपवली.

थंडीत तिला कळा सुरू झाल्या. पाठ असलेली एकही प्रार्थना आठवेना, तोंडातून नुसतं कण्हणं येत होतं.

“आई, मला काही म्हणताच येत नाही.”

“नको म्हणू. तू नुसता जोर कर. तेच पोचतंय त्याला.”

दुपारी मुलगी झाली. ती अशी रडली की गल्लीतले घाणे थांबले आणि माणसं हसत दारात आली.

पुढे त्या गावात दार फाळणीला कुठल्या घरी पोटुशी बाई असली, तर तिच्यासाठी पेज ठेवली आहे ना, हे पाहूनच काजी आपलं दार लावून घेई.

तात्पर्य : पोटातल्या जिवासाठी आईने खाल्लेला घास देवाला उपासाइतकाच पोचतो.