अनसाआत्याचा स्वेटर

एका गावात एक भोळी बाई होती. तिचं नाव अनसा. तिच्या भावाला मुलगी झाली आणि भोळी बाई भोळी आत्या झाली. फरक पडला तो एवढाच.

भावजय बाळंतपणाला माहेरी गेली होती. महिन्यानं ती बाळाला घेऊन परत येणार आणि मग इथे बारसं. भाऊ दिनकर अनसाकडे आला आणि म्हणाला, "अक्का, थंडी आहे. बाळाला स्वेटर तू विणायचा. नावही तूच शोधायचं. कानात जे सांगशील तेच नाव, आम्ही मध्ये बोलणार नाही."

अनसाला भरून आलं.

"फक्त या खेपेला काम पुरं कर," दिनकर म्हणाला.

हे तो उगाच म्हणाला नव्हता. अनसाच्या घरी विणलेला एक पायमोजा होता, त्याला जोडीदार नव्हता. एक मफलर होता, तो मांजराला जेमतेम पुरला असता. एक कादंबरी होती, तिचा नायक गेली कित्येक वर्षं गाडीची वाट बघत उभा होता, कारण त्या पानाच्या पुढे अनसा गेली नव्हती. अनसा स्वतःच हसून सांगायची, "गोगलगाय मागून आली की मी तिला वाट देते." पण या वेळी तिनं मनावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिच्यावर एवढा भरवसा टाकला होता.

विणकाम शिकवायला शेजारच्या गोदूकाकू होत्या. त्यांची शिकवण्याची रीत सोपी होती. चूक दिसली की आधी पाठीत धपाटा, मग शिकवण. आणि नावांचं पुस्तक वाचनालयातून मिळालं. तिथले सबनीस धपाटा घालत नसत, नुसते चष्म्यावरून बघत.

पहिल्याच दिवशी अनसाच्या सुईवरून टाका गळला. धपाटा बसला.

"अनसे, एकही टाका गाळायचा नाही. एक गळला की खालपर्यंत सगळं जातं."

अनसानं मान डोलावली. शिकलेलं तिनं कधी वाया जाऊ दिलं नाही. दुपारी ती नावांचं पुस्तक घेऊन बसली आणि काही म्हणजे काही गाळलं नाही. छापखान्याचं नाव वाचलं. छापखान्याचा पत्ता वाचला. प्रकाशकानं बायकोचे आभार मानले होते, ते दोनदा वाचले. आठवडा सरला तरी पहिलं नाव काही आलं नाही.

सबनीसांनी चष्म्यावरून बघितलं. "अनसाबाई, जे आपल्या कामाचं नाही ते सोडून द्यायचं आणि पुढे जायचं."

अनसानं मान डोलावली. घरी येऊन तिनं स्वेटर हातात घेतला. गळ्यापाशी भोक ठेवायचं होतं. अनसानं विचार केला, भोक म्हणजे लोकर नसलेली जागा. थंडीत ती काय कामाची. तिनं भोक सोडून दिलं आणि पुढे गेली.

धपाटा बसला.

"अगं, पोरीनं डोकं कुठून काढायचं?" गोदूकाकू म्हणाल्या. "उसव सगळं. चूक झाली की उसवायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं."

अनसानं मान डोलावली. तिनं स्वेटर उसवला, तो तर उसवलाच. पण वाचतानाही जीभ अडखळली की ती पहिल्या पानावर जाऊ लागली. 'अनिरुद्धा'ला अडखळली, परत गेली. 'अरुंधती'ला अडखळली, परत गेली. छापखान्याचा पत्ता तिला तोंडपाठ झाला. त्या छापखान्यात तिला कुणी डोळे बांधून सोडलं असतं तरी ती नीट घरी आली असती.

"अजून अ?" सबनीस म्हणाले. "अहो, थांबाल तिथे खूण घालायची, मिटून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे."

अनसानं मान डोलावली. त्या संध्याकाळी विणणं थांबवताना तिनं सुया काढल्या, विणकामात मोराचं पीस घातलं आणि घडी करून ते उशाशी ठेवलं. सकाळी घडी उघडली. खूण जागेवर होती. टाके नव्हते.

धपाटा बसला, आणि या खेपेला जोरात.

"काम पुरं होईपर्यंत हातातून सोडायचं नाही," गोदूकाकू म्हणाल्या.

अनसानं मान डोलावली. आता ती पुस्तक हातातून सोडीना. भाजी निवडताना पुस्तक, केर काढताना पुस्तक. आंघोळीलाही ती पुस्तक घेऊन गेली. पानं भिजली आणि उन्हात वाळताना एकमेकांना चिकटली. आ पासून व पर्यंतचा एकच गठ्ठा झाला. अनसानं तो उलटला आणि थेट श वर आली. तिथे तिला नाव दिसलं, शर्वरी. ती अडखळली नाही. पुन्हा म्हणून बघितलं, तरी अडखळली नाही.

तिकडे गोदूकाकूंना दया आली. त्या दिवसभर शेजारी बसून राहिल्या आणि बारशाच्या आदल्या संध्याकाळी स्वेटर पुरा झाला. पिवळा, दोन बाह्यांचा, गळ्याला भोक असलेला. अनसानं गळ्यापाशी शेवटची गाठ मारली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं काहीतरी पुरं केलं होतं.

बारशाला घर भरलं. बाळ पिवळ्या स्वेटरात पाळण्यात पडलं होतं. दिनकर बहिणीकडे अभिमानानं बघत होता. अनसा वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्र... शर्वरी."

आता रीतच अशी आहे की आत्यानं कानात नाव सांगितलं की जमलेल्या बायका तिच्या पाठीत गमतीनं गुद्दे घालतात. अनसानंही आजवर पुष्कळ आत्यांना गुद्दे घातले होते. ते कशासाठी घालतात हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तिला वाटायचं, आत्या नाव चुकतात.

पाठीत गुद्दा बसला. त्यात गोदूकाकूंचा हात तिनं बरोबर ओळखला.

चूक झाली, अनसा मनात म्हणाली. चूक झाली की काय करायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं बाळाच्या गळ्याची गाठ सोडली आणि दोरा ओढला.

बायकांना वाटलं आत्या लाडानं काही करते आहे. त्यांनी आणखी गुद्दे घातले. अनसाला वाटलं चूक फार मोठी आहे. ती भराभर उसवू लागली. गळा गेला. बाह्या गेल्या. बाळाला गुदगुल्या झाल्या, ते खुदखुदून हसलं. गुद्दे थांबले तेव्हा पाळण्यात उघडं बाळ होतं आणि आत्याच्या पायाशी लोकरीचा ढीग.

गोदूकाकू खाली बसल्या.

दिनकरनं मोठा श्वास घेतला. "असू दे, अक्का," तो म्हणाला. "स्वेटर पुन्हा होईल. नाव तरी सांग. काय ठेवलंस?"

"तेही उसवलं," अनसा म्हणाली, आणि काखेतलं पुस्तक उघडून छापखान्याचा पत्ता वाचू लागली.

ती मुलगी आता पळायला लागली आहे. नाव विचारलं तर सांगते, "आत्या अ वर आहे."