टेकडीवरून उतरवलेली माती

फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान उघडून ऐकावी, कारण चूक मोठ्यांचीच आहे.

एका राज्यात एक उभ्या चढाची टेकडी होती. मुरमाड, नुसते खडे. तिथं ज्वारी उगवायची नाही, पण द्राक्षाचा वेल मात्र जीव धरायचा. मणी करवंदाएवढे. त्यांच्या मदिरेला तापल्या दगडाचा वास यायचा. तशी मदिरा दुसरीकडं कुठंच होत नव्हती.

पावसात टेकडीची माती वाहून पायथ्याला यायची. म्हणून पायथ्याच्या गावाची रीत होती, टेकडी रिकाम्या हातानं चढायची नाही. पाटीत माती भरायची आणि वर वेलाच्या बुडाशी नेऊन टाकायची. एका म्हातारीची लेक अशीच पाटी वाहताना पाय घसरून पडली आणि जिवानिशी गेली. लेकीनं लावलेला वेल म्हातारी लेकीसारखाच जपायची.

राजाला ती मदिरा आवडली. त्यानं कलमं नेऊन आपल्या नदीकाठच्या काळ्या जमिनीत लावली. वेल माजले, मणी लिंबाएवढे झाले, आणि मदिरा निघाली पाणचट.

राजा म्हणाला, "मग टेकडीची मातीच आणा. गावाला बदल्यात सपाट जमीन देतो."

गाव हरखलं. पाट्या वाहून सगळ्यांच्या माना मोडल्या होत्या. म्हातारी मात्र आडवी आली.

"मेल्यांनो, आपणच चढवलेली माती उतरवताय?"

पाटील हसला. "आत्याबाई, मान दुखते म्हणून रोज तुम्हीच रडता ना?"

"दुखते तर दुखू दे! तिरपं ऊन आणि खिंडीतला वारा पण पाटीत भरून नेणार का रे?"

"वारा तिकडंही आहे, आत्याबाई."

त्यांनी म्हातारीला उचलून बाजूला बसवलं आणि तिच्या वेलाखालची माती खरवडून नेली. मुळं उघडी पडली.

राजाच्या बागेत माती पसरली. पण तिथं ना तिरपं ऊन, ना खिंडीतला वारा, हवा दमट. मदिरा पुन्हा पाणचट. पुढच्या पुरात ती मातीही नदीनं नेली. राजानं चिडून गावाला दिलेली सपाट जमीन काढून घेतली आणि सगळ्यांना टेकडीवर परत हाकललं.

गाव पाट्या घेऊन पायथ्याशी आलं. भरायला मूठभर माती नव्हती. वर नुसता उघडा खडक.

म्हातारी घरी गेली. तिनं आपल्याच घरातली भुई उकरली, पाटी भरली आणि एकटीच चढली. पाटील मागून धावला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आत्याबाई, वेल वाळलाय हो."

"दिसतंय मला. पण रिकाम्या हातानं वर यायचं मला कुणी शिकवलं नाही."

तिनं माती वाळक्या बुडाशी घातली, हातानं थापली आणि तिथंच बसली. आठवड्यानं पाऊस आला आणि तेवढी मातीही घेऊन गेला.

ध्यानात ठेवा: चव एकट्या मातीत नसते, ती सगळ्या जागेत असते, आणि जागा एकदा मोडली की राजालाही ती परत घडवता येत नाही.