चार पानांपर्यंत

पूर्वी अश्मक देशात, गोदावरीच्या काठी, महीसेन राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्वांनी एका माळ्याच्या घरी जन्म घेतला होता. सामा नावाची बायको, एक विहीर आणि आल्याचा मळा एवढाच त्यांचा संसार होता.

एका वर्षी देशभर आल्याच्या कंदांना कूज लागली. माती उकरावी तर हाताला चिखल लागे आणि नाकाला दुर्गंधी. त्याच वर्षी राजाची भूक मेली. पोटात घास ठरेना. वैद्यांनी सांगितले, “जेवणाआधी आल्याचा तुकडा आणि चिमूटभर सैंधव. रोज, पावसाळा सरेपर्यंत. दुसरा इलाज आमच्याकडे नाही.” शोध घेता घेता कळले की एका माळ्याने टोपलीभर निरोगी बेणे वाळूत पुरून राखले आहे. राजाने भद्रजित नावाच्या राजपुरुषाला दोन स्वार देऊन तिकडे धाडले. आज्ञा सरळ होती. गावात असेल नसेल तेवढे आले आणायचे. सगळे हाती पडेपर्यंत नगराच्या वेशीत पाऊल ठेवायचे नाही.

भद्रजित आज्ञा पाळणारा माणूस होता. शिवाय वेशीच्या आत त्याची बायको सातव्या महिन्यात होती.

तो मळ्यात पोचला तेव्हा टोपली रिकामी होती. बोधिसत्त्व विहिरीवर हात धूत होते.

“बेणं कुठं आहे?”

“कालच लावलं.”

भद्रजितने वाफ्यांकडे पाहिले. नुसती ओली माती होती. “म्हणजे संपलं?”

“संपलं कसं? लावलं.”

भद्रजित कोठारांच्या सावलीत वाढलेला. धान्य पोत्यात असते, एवढे त्याला ठाऊक होते. मातीत गेलेले असते की नसते, याचा विचार त्याने कधी केला नव्हता. आज्ञेत तर मातीचा उल्लेखच नव्हता.

बोधिसत्त्वांनी फडक्यात बांधलेले तुकडे पुढे केले. “यांना डोळे नाहीत, हे उगवत नाहीत. महिनाभर पुरतील. बाकीचं, रोपांना चार पानं फुटली की देतो. जेवढं लावलं तेवढं.”

“आणि रोपं?”

“रोपं इथंच राहतील. पुढच्या वर्षी गावोगावी बेणं लागेल ना. राजा एकटाच आजारी पडतो असं थोडंच आहे?”

भद्रजितने हे दोनदा मनात घोळवले. माणूस दिलेले ठेवून घेणार होता, की ठेवलेले देणार होता? ही लबाडी असावी असे त्याला वाटले. पण लबाड माणूस डोळ्याला डोळा भिडवत नाही, आणि हा तर एकटक बघत होता. शेवटी तुकडे एका स्वाराबरोबर पाठवून तो मळ्याच्या बांधावरच बसून राहिला.

दिवस गेले. सामा त्याला भाकरी आणून देई.

“काय पाहुणे, मळा राखताय की आम्हाला?”

“दोन्ही,” तो म्हणे. मग जरा थांबून, “बहुतेक.”

“बरं झालं. औंदा बुजगावणं करायचं राहिलंच होतं.”

महिन्याने स्वार निरोप घेऊन परतला. तुकडे संपले होते, राजाला पुन्हा ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या. भद्रजितने कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि तो वाफ्यात शिरला. कोवळे कोंब वर निघाले होते. प्रत्येकाला दोन पाने होती.

बोधिसत्त्व तिथेच तण काढत होते. त्यांनी अडवले नाही. “कुदळ तुमच्या हातात आहे,” ते म्हणाले. “आत्ता खणलंत तर राजाला पावसाळाभर पुरेल. नंतर राजालाही नाही आणि कोणालाच नाही. थांबलात तर राजाचंही भागेल आणि गावांचंही.”

“ते कसं, ते नीट सांगा ना.”

“सांगून कळणार नाही. मलाही बापानं सांगितलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं.”

भद्रजितला राग यावा असे हे उत्तर होते. राजा तिकडे झिजत होता, बायको वाट पाहत होती, आणि हा माणूस त्याला पाने मोजायला सांगत होता. त्याने कुदळ उगारली. पुढे काय करायचे हे त्याला ठरवता येईना. रोप इवलेसे होते. आपल्याला जे मुळीच कळत नाही ते तोडायला हात उचलत नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले. त्याने कुदळ खाली ठेवली आणि तो तिच्याशेजारी बसला.

बोधिसत्त्व घरात गेले आणि वाळवलेल्या दुधी भोपळ्याचा तुंबा घेऊन बाहेर आले. आत सुंठीचे गड्डे होते. “चार पानं फुटेपर्यंत एवढ्यावर निभेल.”

“ती तुमच्या खोकल्याची आहे,” सामा म्हणाली.

“मी थांबू शकतो. त्यांच्या पोटात घास नाही.”

स्वार सुंठ घेऊन गेला. त्या रात्रीपासून बोधिसत्त्वांचा खोकला वाढला. सामा चुलीशी पुटपुटली, “लोकांचा खोकला सुंठीवाचून जातो. आमची सुंठ गेली, खोकला राहिला.” भद्रजितला हसू आले आणि लाजही वाटली.

चौथे पान उलगडले त्या सकाळी बोधिसत्त्वांनी रोपाच्या एका अंगाने बोटांनी माती सारली. आत लावलेला जुना कंद होता. सुरकुतलेला, काळसर, पण अख्खा. त्यांनी तो हलकेच पिळून मोडून घेतला आणि माती पुन्हा दाबली. रोप जागचे हलले नाही. दुपारपर्यंत टोपली भरली. वाफे जसेच्या तसे हिरवे उभे होते.

भद्रजितने एक तुकडा दातांनी तोडला. डोळ्यांत पाणी उभे राहिले, आणि ते सगळेच काही तिखटाचे नव्हते.

वेशीवर पहारेकऱ्याने विचारले, “सगळं आणलं?”

“सगळं,” तो म्हणाला. “आणि सगळं तिथंच आहे.”

पहारेकरी गोंधळला. भद्रजितही अजून गोंधळलेलाच होता. तो आत गेला तेव्हा त्याची मुलगी आठ दिवसांची झाली होती. राजा बरा झाला. त्याने माळ्याला हवे ते मागायला सांगितले. बोधिसत्त्वांनी एवढेच मागितले की पुढल्या साली जो शेतकरी बेणे न्यायला येईल त्याला कोणी अडवू नये.

कित्येक जन्मांनंतर बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा एका तरुण भिक्षूला सांगितली. संघात तीन पावसाळ्यांचे वर्षावास काढूनही आपल्याला काहीच कळत नाही, म्हणून तो चीवर परत करायला निघाला होता. शास्ते म्हणाले, “राजा महीसेन म्हणजे आज आजारी असलेले आपले वृद्ध स्थविर. सामा म्हणजे त्यांच्यासाठी रोज पेज आणणारी उपासिका. माळी मी होतो. आणि राजपुरुष तू होतास.”

भिक्षूने हातातल्या चीवराच्या घडीकडे पाहिले. मग म्हणाला, “भन्ते, मला अजूनही कळलं नाही.”

“तेव्हाही कळलं नव्हतं,” शास्ते म्हणाले. “पण तू रोप उपटलं नाहीस, धीर धरलास. त्यालाच क्षांती म्हणतात.”

भिक्षूने घडी घातलेले चीवर उलगडले आणि पुन्हा अंगावर घेतले.