बाळकूने मुहूर्त आणला

एका गावात एक भोळा गुराखी होता, बाळकू. गाव त्याच्या हवाली गाई करायचं, निरोप मात्र कधी सोपवायचं नाही. त्याची आई सगुणाबाई तेवढी सोपवायची. आईच ती.

एकदा ती म्हणाली, "जोशीबुवांना विचारून ये, नवमी कधी आहे?"

जोशीबुवांनी पंचांग उघडलं. "आज अष्टमी, उद्या एकदम दशमी. नवमीचा क्षय झाला. नवमी गेली!"

बाळकू रडत घरी आला. डोक्यावरून पाणी ओतून घेतलं आणि कोपऱ्यात बसला. "आई, नवमी गेली गं! काल तर धडधाकट होती!"

आईने कपाळावर हात मारला. "अरे, तिथी गेली तर रडायचं नसतं. एक गेली, दुसरी येईल, म्हणायचं."

चार दिवसांनी पाटलांची सासू गेली. बाळकूने पाटलांच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नका. एक गेली, दुसरी येईल."

पाटील दचकलेच. पाटलीणबाईंनी लाटणं उचललं.

आई टेंगूळ शेकत म्हणाली, "काही करण्याआधी वेळ बघावी रे!"

बाळकूने जोशीबुवांना गाठलं. "वाईट वेळ कोणती?"

"राहुकाळ. आत्ताच लागलाय, दीड तास. त्यात नवं काही सुरू करू नये."

वाटेत शेवंताकाकूची शेळी हौदात पडली होती. "बाळकू, ओढ रे तिला!"

"राहुकाळ आहे काकू. सवा तास कळ काढा."

शेळीला पंचांग कळत नव्हतं. ती आपली आपण बाहेर आली आणि बाळकूला ढुशी देऊन गेली.

आई ओरडली, "वेळेची वाट बघत बसू नये! हातपाय हलवावेत!"

पुढे बाळकूचं लग्न ठरलं. सात ठिकाणी नकार आला होता, आठव्या ठिकाणची ठकू हो म्हणाली. आईने देवापुढे साखर ठेवली.

जोशीबुवा म्हणाले, "मुहूर्त गोरज."

"म्हणजे?" बाळकूने विचारलं.

"गाई घरी परततात, खुरांची धूळ उडते, ती शुभ वेळ."

लग्नाच्या दिवशी भर दुपारी वऱ्हाड घामाघूम झालं. सासरे कुरकुरले, "मुहूर्ताची अजून किती वाट बघायची?"

बाळकू ताडकन उठला. मुंडावळ्या बांधलेल्या, हातात काठी. थेट माळावर पळाला.

आणि साठ गाई उधळत मांडवात शिरल्या! खांब आडवे झाले. बुंदीत वासरू बसलं. सासरे लिंबावर चढले, ठकू कणगीवर चढून पोट धरधरून हसू लागली. धुळीत कोणाला कोणी दिसेना.

आतून बाळकूचा आवाज आला, "जोशीबुवा, कुठे लपलात? आटपा लवकर! धूळ खाली बसायला लागली, मुहूर्त टळतोय!"