सिनेटरचा पितळी बिल्ला

अमेरिकेतल्या एका डोंगराळ राज्यात सिनेटर प्रुइट यांची सगळी कारकीर्द एका पितळी बिल्ल्यावर उभी होती. गृहस्थ धंद्याने वकील, तेही खाणमालकांचे. पण निवडणूक आली की खिशातून बिल्ला काढून सांगत, "मी आधी ब्लॅक फोर्क खाणीचा कामगार, मग पुढारी."

यंदा त्यांनी खाणींची सरकारी तपासणी कमी करायचं विधेयक आणलं. सुनावणीत विरोध करायला व्हर्ना स्टिडम आली. तिचा नवरा त्याच खाणीतल्या स्फोटात गाडला गेला होता, आणि त्याच खाणीच्या फाटकावर तिने बावीस वर्षं बिल्ले वाटले होते.

"बाई, खाण मला शिकवू नका," म्हणत प्रुइटांनी बिल्ला टेबलावर आपटला. "तीन वर्षं रोज हा घेऊन खाली उतरलोय."

व्हर्नाने बिल्ला उलटून पाहिला. नंबर घासून गेला होता, खाणीचं नाव मात्र शाबूत होतं.

"साहेब, माणूस खाली जाताना आम्ही बिल्ला देतो आणि तो वर आला की परत घेऊन फळीवर टांगतो. घरी कुणालाच नेऊ देत नाही. बिल्ला आला नाही, तर माणूस खालीच आहे असं धरून शोधायला निघतो. स्फोट झाला त्या दिवशी नऊ बिल्ले आले नाहीत. माणसंही आली नाहीत. ते नऊ सोडले तर आमच्या फळीवरचा एकही खिळा रिकामा नाही."

तिने बिल्ला त्यांच्यापुढे सरकवला.

"त्या नऊ जणांतले तुम्ही कोण?"