ठकूबाईचे डोळे आणि मण्याचं झापड

तारीख चार डिसेंबर. सकाळी हुडहुडी भरेल अशी थंडी. दुपारी ऊन स्वच्छ. वारा नाही.

उंबरदरा गावात एक भोळा तेली राहत होता. त्याचं नाव म्हाळू. त्याच्या घरात बायको ठकूबाई, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली मुलगी रखमा, करडईचा एक घाणा आणि घाणा ओढणारा मण्या नावाचा बैल. घाण्याला जुंपताना बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधतात. झापड नसेल तर बैलाला आपण गोल फिरतोय हे कळतं, आणि मग तो फिरत नाही. हे म्हाळूला बापाने शिकवलं होतं. बापाने जेवढं सांगितलं तेवढं म्हाळू करत असे. कमी नाही, जास्त नाही.

ठकूबाईला दिवस मावळला की दिसत नसे. दिवसा ती करडईतला खडा वेचून काढी. पण सांज झाली की भिंत धरून चाले. हे घरातल्या घरात होतं तोवर ठीक होतं. रखमाच्या डोहाळजेवणाला तिची सासू राहीबाई आली. तिन्हीसांजेला ठकूबाई विहिणीला कुंकू लावायला उठली आणि तिने ते ओसरीच्या खांबाला लावलं. वर खांबाला नमस्कारही केला.

राहीबाई जाताना बोलली.

"बारसं संध्याकाळचं असतं, विहीणबाई. पाळण्याखालून बाळ घ्यायला मी दुसरी बाई उभी करीन. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ठकूबाईने मनाला लावून घेतलं. पहिलं नातवंड, आणि ते पाळण्याखालून परक्या बाईने घ्यायचं. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे वर लिहिलेल्या तारखेला, म्हाळू तिला घेऊन तीन मैलांवरच्या सरकारी दवाखान्यात गेला.

तिथे नर्सबाई होत्या. त्यांनी ठकूबाईचे डोळे पाहिले आणि विचारलं, "पालेभाजी खाता का?"

"करते की."

"करता. पण खाता का?"

ठकूबाईने विचार केला. "उरली तर."

घरात आधी म्हाळू जेवे, मग आलागेला, मग रखमा. ठकूबाई शेवटी बसे. तोवर भाजीचं पातेलं पुसलेलं असे. ती चटणीभाकरी खाई. चोवीस वर्षं असंच चाललं होतं आणि गावातल्या सगळ्या घरांत असंच चालत होतं.

नर्सबाई म्हाळूला बाजूला घेऊन म्हणाल्या, "म्हाळूभाऊ, यांच्या डोळ्यांना शेवग्याचा पाला हवा. गाजर हवं, पपई हवी. घरात हे रोज दिसलं पाहिजे. औषध नंतर बघू."

म्हाळूने सगळं पाठ केलं. घरी येताच तो शेवग्यावर चढला. कोवळा पाला ओरबाडला, वाटला, फडक्यात घालून ठकूबाईच्या डोळ्यांवर बांधला. वर दोन्ही बाजूंना एकेक गाजर खोचलं. नर्सबाईंनी सांगितलं असेल असं समजून ठकूबाई रात्रभर तशीच बसली. सकाळी फडकं सोडलं तर डोळे कुंकवासारखे लाल.

तारीख सहा. थंडी कमी, आभाळ थोडं. नर्सबाईंनी डोळे पाहून कपाळाला हात लावला.

"डोळ्यांना म्हणजे डोळ्यांवर नाही हो. जे डोळ्यांसाठी आहे ते तोंडाने पोटात जायला हवं. पोटातून ते डोळ्यांत जातं. लक्षात राहील?"

"राहील," म्हाळू म्हणाला.

लाली जावी म्हणून त्यांनी थेंबांची एक बाटली दिली. वाटेत म्हाळूने विचार केला. हे थेंब डोळ्यांसाठी आहेत. म्हणजे ते तोंडाने पोटात जायला हवेत. चूक एकदा होते, दोनदा होऊ देणार नाही. घरी चुलीवर आमटी उकळत होती. त्याने सगळी बाटली आमटीत उपडी केली आणि पळीने नीट ढवळली. त्या दिवशी रखमाने दोनदा मीठ मागितलं. आमटी कडू का लागते ते कुणालाच कळलं नाही. म्हाळूला माहीत होतं, पण त्याला कुणी विचारलं नाही.

तारीख नऊ. दवाखान्यात नर्सबाईंनी रिकामी बाटली पाहिली आणि ती कशात रिकामी झाली ते विचारून घेतलं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की बाटलीतलं असेल ते थेंब थेंब डोळ्यांत घालायचं, आणि ताटातलं असेल ते खायचं. त्यांनी नवी बाटली दिली आणि ती ठकूबाईच्या हातात दिली. निघताना आणखी एक गोष्ट सांगितली. गाजरातलं आणि पाल्यातलं सत्त्व नुसतं अंगी लागत नाही, त्याबरोबर थोडं तेल असावं लागतं.

"तेलाची तुमच्याकडे काय कमी," त्या म्हणाल्या.

कमी नव्हतीच. पण म्हाळूच्या घरी तेल बाटलीत असे. बाटलीतलं थेंब थेंब डोळ्यांत. दुपारी ठकूबाई आडवी झाली होती. म्हाळू करडईच्या तेलाची बाटली घेऊन तिच्या उशाशी बसला आणि तिची पापणी उचलली. ठकूबाईने त्याचं मनगट धरलं.

"अवं, काय करताय?"

"तेल घालतोय. थोडंच हाय."

"ते पाल्याबरोबर. डोळ्यात न्हाई. पाला आन् तेल एकत्र करायचं."

हे म्हाळूला पटलं. पाला आणि तेल एकत्र करायचं तर तेल जिथे होतं तिथेच करावं. त्याने दोन टोपल्या शेवग्याचा पाला आणि एक टोपली गाजरं करडईबरोबर घाण्यात टाकली आणि मण्याला जुंपलं. मण्या संध्याकाळपर्यंत फिरला. घाण्यातून जे निघालं ते हिरवं होतं आणि त्याला वास होता. ते तेलही नव्हतं आणि भाजीही नव्हती. गिऱ्हाइकं आली, वाकून बघून गेली. पुढचे तीन दिवस कुणी आलं नाही.

तारीख बारा. पहाटे धुकं, नंतर कोरडं. या वेळी नर्सबाई स्वतःच उंबरदऱ्याला आल्या. रखमाला तपासायचं होतं. त्यांनी घाणा पाहिला. मग त्यांनी म्हाळूला चुलीपुढे बसवलं, तव्यावर चमचाभर तेल टाकलं, पाला परतला, गाजर किसून घातलं आणि ताट वाढलं.

"हे असं. रोज. आणि म्हाळूभाऊ, मुख्य गोष्ट ऐका. आधी तिला, मग तुम्हाला."

"आधी तिला, मग मला," म्हाळू म्हणाला.

"बरोबर. आणि ही गोळ्यांची डबी. तीस आहेत. रोज सकाळी जेवणाबरोबर एक. एकच. जास्त दिल्या तर अपाय होतो."

म्हाळूने डबी कनवटीला खोचली. हा धडा सोपा होता. दुसऱ्या दिवशी तो ठकूबाईला घेऊन बापू न्हाव्याकडे गेला. बापूने वस्तरा पाजळला आणि म्हाळूला बस म्हणाला. म्हाळू बसला नाही.

"आधी तिची, मग माझी."

बापूने ठकूबाईकडे पाहिलं. "वहिनींची काय?"

"दाढी."

ठकूबाई घरी निघून गेली. म्हाळूही दाढी न करता तिच्यामागे गेला. तिची झाली नव्हती, मग त्याची कशी होणार. त्यानंतर तिने त्याला बजावलं की हे फक्त जेवणापुरतं आहे, आणि खरं सांगायचं तर जेवणापुरतंही नको. नवऱ्याआधी बाई जेवली तर लोक शेण घालतील तोंडात.

म्हाळूने वाद घातला नाही. त्याने फक्त ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं आणि समोर बसून राहिला. तिने खाल्लं नाही, म्हणून त्यानेही खाल्लं नाही. उन्हं कलली. घाणा बंद, बैल बांधलेला, नवरा उपाशी. शेवटी ठकूबाईने भाजीचा घास घेतला. शेजारणी कुडाच्या फटीतून बघत होत्या. तेल्याला खूळ लागलं, बायकोला आधी जेवायला घालतो, असं गावभर झालं. म्हाळूला लाज वाटली नाही, कारण लाज वाटून घे असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी पाला, गाजर, चमचाभर तेल आणि एक गोळी. आधी तिला, मग त्याला.

तारीख सव्वीस. आभाळ निरभ्र, सूर्य मावळता. नर्सबाई तपासायला आल्या. दिवा लावू दिला नाही. त्यांनी ठकूबाईच्या डोळ्यांवर हात ठेवला, हात काढला, दहा पावलं मागे सरकल्या आणि बोटं वर केली.

"किती?"

"तीन," ठकूबाई म्हणाली. मग म्हणाली, "अंगठी हाय मधल्या बोटात."

नर्सबाई हसल्या. आता गोळ्या पुरे, म्हणाल्या, जेवण असंच चालू ठेवा. डबीत पंधरा गोळ्या उरल्या होत्या. त्यांनी म्हाळूला सांगितलं, "फेकू नका. ज्याला दिसत नाही अशा कुणाच्या तरी कामी येतील. सवडीने दवाखान्यात आणून ठेवा."

ठकूबाईने विहिणीला निरोप धाडला की मला आता सांजेचं दिसतं. उलट निरोप आला की माझा खांबावरच्या कुंकवावर विश्वास आहे, बाई मी ठरवून ठेवली आहे.

ठकूबाई त्या दिवशी चुलीपाशी नुसतीच बसून राहिली. तिला दिसत होतं आणि त्याचा उपयोग नव्हता. म्हाळू डबी हातात घेऊन बाहेर आला. गोळ्यांसाठी तीन मैल चालत जायचं. ज्याला दिसत नाही असा कुणी जवळपास असता तर खेप वाचली असती. त्याने इकडेतिकडे पाहिलं. समोर मण्या घाणा ओढत होता. म्हाळू त्याच्याकडे बघत राहिला. आठ वर्षं झाली. कामावर असताना या जनावराने काहीही पाहिलं नव्हतं.

या वेळी म्हाळूने एकही चूक केली नाही. पाला डोळ्यांवर बांधला नाही. गोळी तोंडाने पोटात गेली. पाला आणि गाजर चमचाभर तेलात परतलेलं होतं. गोळी रोज सकाळी एकच. आणि आधी मण्याला, मग स्वतःला. मण्या तिसऱ्या दिवसापासून गाजराची वाट बघू लागला.

एकोणतीस तारखेला रखमाला मुलगा झाला. बारसं नऊ जानेवारीला ठरलं. राहीबाईने आदल्या दिवशीच येऊन सांगितलं की पाळणा हिरव्यागार पाल्याने सजवा. म्हाळूने तो सजवला. हिरवागार पाला त्याला एकच माहीत होता. शेवग्याच्या डहाळ्यांचं तोरण पाळण्यावर बांधलं आणि मध्ये मध्ये शोभेला गाजरं टांगली. अकरा.

तारीख नऊ जानेवारी. दिवसभर ऊन, संध्याकाळी गार. दिवेलागणीला थोडा अवकाश. ओसरी बायकांनी भरली होती. नर्सबाईही आल्या होत्या. बाळ पाळण्यात झोपलं होतं. पाळण्याच्या एका बाजूला राहीबाई उभी होती, दुसऱ्या बाजूला तिने आणलेली बाई. सगळ्यांची तोंडं पाळण्याकडे, पाठी अंगणाकडे. ठकूबाईला काही काम नव्हतं. ती कुंकू लागलेल्या त्या खांबाला टेकून बसली होती आणि बाळाकडे बघवेना म्हणून अंगणाकडे बघत होती.

अंगणापलीकडे म्हाळू घाण्यापाशी होता. बारशाला तेल कमी पडलं म्हणून शेवटचा घाणा चालू होता. सूर्य मावळलेला पाहून त्याला आठवलं की डोळे तपासायची हीच वेळ. त्याने मण्याच्या झापडावर हात ठेवला आणि झापड काढलं. दहा पावलं मागे सरकला. तीन बोटं वर केली.

"किती?"

मण्याला बोटं दिसली की नाही ते सांगता येत नाही. अंगणापलीकडचं तोरण दिसलं. तो गोल फिरला नाही. सरळ निघाला. घाण्याला बांधलेला पट्टा तुटला.

ओसरीवर ठकूबाई म्हणाली, "मण्या सुटलाय."

राहीबाईने मान वळवली नाही. "बसा, विहीणबाई. आत्ता अंधारात तुम्हाला काय दिसतंय."

"झापड न्हाई डोळ्यावर. गळ्यात जू हाय. डाव्या शिंगात तुटका पट्टा अडकलाय," ठकूबाई म्हणाली. बोलता बोलता ती उठली, दोन बायकांच्या मधून गेली, पाळण्यातलं बाळ उचललं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

मग मण्या ओसरीवर आला. बायका वाट फुटेल तिकडे पांगल्या. राहीबाईने आणलेली बाई माजघरात गेली आणि तिने आतून कडी घातली. मण्याने पाळण्यावर मान टाकली आणि डाव्या बाजूने तोरण खायला सुरुवात केली. त्याने घाई केली नाही.

म्हाळू धावत आला. तो मण्यासमोर उभा राहिला आणि पुन्हा तीन बोटं वर केली. मण्या गाजर चावत त्याच्याकडे बघत राहिला. म्हाळू बराच वेळ थांबला. मग तो कोपऱ्यात अंग चोरून उभ्या असलेल्या नर्सबाईंकडे वळला आणि कनवटीची डबी काढून उघडली.

"बाई, एकच उरलीय. पाळण्यापर्यंत त्याला दिसतं, पण बोटं अजून मोजता येत न्हाईत. आणखी तीस द्या."

मण्याने अकरा गाजरं, सगळं तोरण आणि घुगऱ्यांचं निम्मं पातेलं खाल्लं. बारसं कंदील लावून झालं. राहीबाईने पाळण्याखालून बाळ दिलं आणि ते ठकूबाईने घेतलं. मुलाचं नाव शिवराम ठेवलं. माजघराची कडी जेवणं झाल्यावर उघडली.